मावशीचा ज

घरचे सगळे त्याला वाटाड्या म्हणत. नाव मावशीनेच ठेवलेलं. छापखान्यातले संगणक सांभाळणं हा त्याचा पोटापाण्याचा उद्योग, आणि बंद दारांतून वाट काढून देणं हा घरच्यांसाठीचा बिनपगारी. दारं मात्र भराभर बंद होत होती. लोकांनी काय वाचावं, कुणाशी बोलावं हे ठरवणारी माणसं वर कुठेतरी बसली होती. त्यांनी आधी बातम्या बंद केल्या, मग गप्पांच्या जागा, आणि करण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा हात शिवशिवतात म्हणून की काय, संगणकाचे फुकट प्रोग्रॅम मिळायचे ती ठिकाणंही बंद केली.

एवढ्यावर भागलं असतं तरी वाटाड्याने निभावलं असतं. पण बाहेरच्या देशांनाही आपल्या परीने न्याय करायचा होता. या देशाचे राज्यकर्ते वाईट आहेत, तेव्हा या देशाला शिक्षा केली पाहिजे, असं तिकडे ठरलं. राज्यकर्त्यांना काय, त्यांचं कशावाचून अडत नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी. एका सकाळी वाटाड्याने फुकट प्रोग्रॅमचं, बंदीतून अजून सुटलेलं नेहमीचं पान उघडलं तर वरच्या ओळीत नेहमीचंच लिहिलं होतं, 'सर्वांसाठी, सर्वत्र, कायम मोफत', आणि खाली नवीन पट्टी होती: 'आपल्या प्रदेशात ही सेवा उपलब्ध नाही.' वरची ओळ तशीच ठेवायची कुणाला लाजही वाटली नव्हती.

"आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना," मावशी म्हणाली.

त्या पानावरचा जो प्रोग्रॅम हवा होता, तो मावशीचाच होता असं म्हटलं तरी चालेल. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा तो प्रोग्रॅम. मावशीने सगळी उमर छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवली आणि निवृत्त झाल्यावर तिचे डोळे गेले. मधोमध काळा डाग पडला आणि तो पसरत गेला. वाटाड्याने तिच्या लॅपटॉपवर हा वाचणारा बसवून दिला तेव्हा ती पहिल्या दिवशी रडली आणि दुसऱ्या दिवशी भांडायला उठली.

"अरे, हा 'जाऊ दे' कसं म्हणतो ऐकलंस का? जिलबीचा ज लावतो मेला! 'जुना'ला पण तोच. जहाजाचा ज याला माहीतच नाही."

"मावशी, यंत्र आहे ते."

"यंत्र आहे म्हणून काय झालं? त्याला शिकवणारी माणसंच आहेत ना?"

मग तिने त्या माणसांना शिकवायचं मनावर घेतलं. ती शब्द सांगायची, वाटाड्या उतरवून घ्यायचा आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्या त्या दूरच्या मंडळींना पाठवायचा. कुठे जहाजाचा ज, कुठे जिवाचा. कुठे चमच्याचा च, कुठे चिमटीचा. आपल्या भाषेत अक्षर एक आणि उच्चार दोन, हे परक्यांना पटवताना त्याच्या नाकी नऊ आले. पण ते चांगले लोक होते. सगळं ऐकलं, आभार मानले आणि पुढच्या आवृत्तीत सगळे शब्द घालतो म्हणून कळवलं. पुढची आवृत्ती आली आणि तिच्यापाठोपाठ ती पट्टी आली.

"म्हणजे माझा ज घेतला आणि मलाच दार लावलं?" मावशीने विचारलं.

वाट मात्र होती. परदेशी शिकायला गेलेल्या एका मित्राच्या खोलीत, पलंगाखाली, वाटाड्याच्या सांगण्यावरून एक लहानसा संगणक चालू ठेवलेला होता. इथला माणूस आधी त्या संगणकापर्यंत गुपचूप जायचा आणि तिथून जगात बाहेर पडायचा. जगाला वाटायचं, हा तिकडचाच. पहारेकऱ्यांना ही वाट दिसली की ते ती बुजवायचे, मग वाटाड्या दुसरी खणायचा. घरची सगळी मंडळी याच बोगद्यातून जा-ये करायची. फोनवर बोगद्याशिवाय चालणाऱ्या सरकारमान्य ॲपवर त्याचं नाव काढायची मात्र सोय नव्हती. असले शब्द लिहिणाऱ्या दोघातिघांना चौकशीला बोलावल्याचं सगळ्यांच्या कानावर होतं.

"माझं नाव लावा त्याला," मावशीच म्हणाली. "म्हातारीवर कोण पाळत ठेवतंय?"

ठरलं. मग घरच्या ग्रुपवर 'मावशी आली' म्हणजे वाट चालू, 'मावशी झोपली' म्हणजे वेग मंदावला, 'मावशीला ताप' म्हणजे जपून, आणि 'मावशी गेली' म्हणजे बंद. मावशी दिवसातून दोनदा तरी जायचीच. कधी पहारेकऱ्यांमुळे, कधी मित्राच्या घरमालकिणीने केर काढताना वायर ओढली म्हणून.

"आणि मी खरीच गेले तर रे?" मावशीने तेव्हाच विचारलं होतं.

"शी! काहीतरीच काय बोलतेस!" वाटाड्याची धाकटी बहीण ओरडली. आई गेल्यावर दोघांना मावशीनेच वाढवलं होतं.

"काहीतरीच नाही. एका शब्दाचे दोन अर्थ ठेवले की घोटाळा होतो, जन्मभर मी तेच निस्तरत आले. तेव्हा 'वारली' लिहा. गेली नाही, वारली. लक्षात ठेवा."

दोघं हसली होती. इतरांना सांगायचं राहूनच गेलं.

आता मावशी इस्पितळात होती. छातीत पाणी झालं होतं, हृदय थकलं होतं. डॉक्टर वाटाड्याशी बोलताना भिंतीवरच्या तक्त्याकडे बघायचे, त्यावरून काय समजायचं ते तो समजला होता. जुना लॅपटॉप आधीच बंद पडला होता आणि नव्यावर वाचणारा नव्हता. डोळ्यांना दिसत नाही, वाचून दाखवायला कुणी नाही, खोलीत शेजारणीचं कण्हणं आणि नळीतला बुडबुड आवाज. पण तिला कंटाळ्याचं काही नव्हतं. तिला आपला ज ऐकायचा होता.

"आज आणतोस ना?" तिने सकाळी विचारलं.

"आज नक्की."

"काल पण आजच होता," ती म्हणाली आणि त्याला वाईट वाटलेलं ओळखून त्याचा हात दाबला. "बरोबर बघून आण हो. घाई करू नकोस. मूळ प्रतीशी ताडल्याशिवाय छापायचं नाही."

मागच्या गल्लीतल्या दुकानात असले प्रोग्रॅम पेनड्राइव्हमध्ये भरून मिळायचे. पण ती प्रत जुनी होती, तिच्यात मावशीचा ज नव्हता, आणि वर कुणी काय मिसळलेलं असेल याचा भरवसा नव्हता. त्याला मूळच हवा होता.

दुपारी छापखान्यातल्या मागच्या खोलीत त्याने मावशीचा नवा लॅपटॉप उघडला. खोलीत यंत्रांचे पंखे घोंघावत होते आणि एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं. छापखान्याच्या नेटवर नजर असायची, म्हणून त्याने स्वतःच्या फोनचं नेट जोडलं. त्यात एक खोट होती: फोनवर कॉल आला की नेट तुटायचं. हे घरात सगळ्यांना सांगून ठेवलेलं. त्याने बोगदा लावला आणि प्रोग्रॅम उतरवायला सुरुवात केली. किती उतरलं ते दाखवणारी हिरवी पट्टी अशी सरकत होती की जणू तिलाही कुणी पाठीमागून दम देत होतं.

पट्टी निम्म्यापुढे गेली आणि फोन वाजला. बहीण. त्याने कापला. पट्टी थबकली, परत हलली. पुन्हा बहीण. "हिला दहादा सांगितलंय," असं पुटपुटत त्याने पुन्हा कापला. या वेळी पट्टी मेली ती मेलीच. तेवढ्यात ग्रुपवर निरोप आला.

'मावशी गेली'

ते तो डोळ्यांनी बघतच होता. आता हिलाही आत्ताच काय बघायचं होतं, कोण जाणे. त्याचं डोकं तडकलं आणि त्याने फटाफट लिहिलं:

'माहीत आहे. गेली तर जाऊ दे, जुनीच झाली होती. दुसरी लावतो. घाबरू नका, फोन करू नका.'

खाली इतरांचे निरोप येऊ लागले, तेही त्याने पाहून न पाहिल्यासारखे केले. मित्राला निरोप धाडून दुसरी वाट खणून घेतली. या वेळी पट्टी काठापर्यंत पोचली. मग त्याने उतरलेल्या प्रोग्रॅमचा ठसा, म्हणजे त्याची ओळख पटवणारी आकड्या-अक्षरांची लांब ओळ, मूळ ठशाशी ताडून पाहिला, अक्षर न् अक्षर. जुळला. त्याने लॅपटॉपवर वाचणारा बसवला, झाकण उघडलं की आधी मावशीला आलेले नवे निरोप वाचायचे, असंही सांगून ठेवलं. एकदा ऐकून बघायचा मोह झाला, पण त्याने आवरला. पहिल्यांदा तिनेच ऐकायचा होता.

इस्पितळाचा जिना तो पोरासारखा चढला. इतक्या दिवसांनी आपण दिलेला शब्द पाळला, या आनंदात त्याने खोलीच्या दारातूनच हाक दिली:

"मावशी आली गं!"

कण्हणाऱ्या शेजारणीने कण्हणं थांबवून त्याच्याकडे पाहिलं. मावशीच्या तोंडावरून चादर ओढलेली होती. नळी काढून खांबाला गुंडाळून ठेवली होती. बहीण स्टुलावर बसली होती आणि ती रडत नव्हती, हे जास्त वाईट होतं.

"फोन का कापलास, दादा?"

"ते... उतरत होतं. तुटलं असतं."

"मी दोनदा केला. तिचा श्वास चालू होता पहिल्यांदा केला तेव्हा. फोन कानाला लाव म्हणत होती. तुझ्याशी बोलायचं होतं."

त्याने फोन काढून पाहिला, तिचे दोन्ही कॉल तिथे होते.

"मग मी लिहिलं. तू काय उत्तर दिलंस?" बहिणीचा आवाज चढला नाही. "मला कळलं, तुला कळलं नाहीये. तिने सांगितलं होतं, वारली लिहा. पण माझ्याच्याने लिहवलं नाही. वारली काय लिहायचं? आई काय वारली होती? आई गेली होती."

"मग परत लिहायचंस. सांगायचंस ना मला!"

"लिहिणार होते. तुझं उत्तर वाचलं आणि बोटंच चालेनात. आणलंस ना ते? मग लाव."

"आता?"

"लाव. तिच्याजवळ लाव. तेवढ्यासाठी गेला होतास ना? तर लाव."

त्याला तिथून पळून जावंसं वाटत होतं. पण त्याने लॅपटॉप पलंगावर तिच्या हाताशी ठेवला, फोनचं नेट जोडलं आणि झाकण उघडलं. ज्या शब्दांसाठी एवढं केलं ते शब्द वेगळे लिहून ठेवले होते, ते लावू म्हणून तो शोधू लागला. पण यंत्र सांगितल्या कामाला चुकलं नाही. ते आधी नवे निरोप वाचू लागलं. आवाज स्वच्छ होता, ना बाईचा ना पुरुषाचा, आणि नावं मावशीने ठेवलेली होती.

"धाकटी. मावशी गेली. वाटाड्या. माहीत आहे. गेली तर जाऊ दे, जुनीच झाली होती. दुसरी लावतो. घाबरू नका, फोन करू नका."

'जाऊ'चा ज जहाजाचा होता. 'जुनीच'चाही. दोन्ही अगदी चोख, तिने सांगितले तसे. वाटाड्याला स्वतःची किळस आली. जगातली कुलपं उघडणाऱ्या त्याला यंत्राचं तोंड बंद करायची कळ सापडेना.

"भाऊ," यंत्र पुढे वाचत होतं. हा मावशीचा सख्खा भाऊ, त्यांचा मामा. "आमच्याकडे तर कालच गेली. भाऊची मुलगी. दादा, या वेळी जरा जोरात पळणारी लाव. जुनी फार रखडायची."

शेजारीण पुन्हा कण्हू लागली.

"कुणालाच कळलं नाही," बहीण म्हणाली. "म्हणून कुणी आलंच नाही. मी एकटीच बसलेय दुपारपासून. आता तू लिही. तूच लिही, नीट."

त्याने फोन हातात घेतला. तो एक शब्द लिहायला त्याला फार वेळ लागला. लिहिताना त्याला कळलं की हा परक्या माणसाबद्दल लिहायचा शब्द आहे, आणि मावशीलाही हे चांगलं माहीत असणार. घोटाळा होऊ नये म्हणून तिने स्वतःला परकं करून घेतलं होतं. त्याने पाठवलं. पलंगावरच्या यंत्राने ते लगेच, मुद्रितात एकही चूक नसावी तसं वाचलं.

"वाटाड्या. मावशी वारली."

दोघं वाट बघत बसली. बाहेर कुणीतरी ढकलगाडी नेत होतं, तिचं एक चाक करकरत होतं. थोड्या वेळाने मामाचं उत्तर आलं आणि यंत्राने तेही स्पष्ट वाचून दाखवलं.

"भाऊ. कोणती?"