जमिनीला लावलेला कान

सितारामने सळईच्या बुडाशी तांब्याभर पाणी ओतलं आणि माती भिजेपर्यंत तो उकिडवा बसून राहिला. कोरड्या मातीतून काही ऐकू येत नाही. एक सळई घरामागे, दुसरी पार ओढ्याच्या काठाला, मधे जुनी तार. तारेचं टोक खिडकीतून आत, मोडक्या टेपरेकॉर्डरच्या सामानातून जुळवलेल्या एका पेटीत. पोलिसांच्या बिनतारी खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला असला नाद लागला, यात नवल नव्हतं. नवल हे, की हल्ली सगळं गाव त्या पेटीकडे डोळे लावून बसलं होतं.

किल्लारीच्या भूकंपानंतर दिवाळीही सरली, तरी गाव घरात झोपायला तयार नव्हतं. बोरीच्या रस्त्यावरच्या या गावात बहुतेक घरं दगडामातीची, वर माळवद. लाकडांवर मातीचा जाडजूड थर. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार, आणि कोसळलं तर माणूस अंथरुणातच पुरला जातो. तिकडची छायाचित्रं सगळ्यांनी पेपरात पाहिली होती. त्यामुळे शाळेपुढच्या मैदानात बाजांची रांग लागली होती. थंडीने लोक काकडत, पण आत जायची छाती कुणाची नव्हती.

सिताराम जमिनीला कान लावून बसतो हे कळल्यापासून पाटलांची धुरपताबाई रोज दिवेलागणीला यायची. बौद्धवाड्यात पाय मात्र टाकायची नाही. रस्त्याच्या पलीकडे उभी राहून विचारायची आणि मग मैदानात जाऊन बाज टाकायची. पाटलिणीची बाज बाहेर, म्हणजे गाव बाहेर. ऐकायचं सितारामने आणि विश्वास ठेवायचा पाटलिणीच्या बाजेवर, असा सगळा कारभार होता.

"काय म्हणतंय रे, सिताराम?"

"काय न्हाई म्हणत, आक्का. लांब कुठंतरी आभाळातल्या इजा पडायल्यात, त्या वाजतात. भूकंपाचं ह्याला कळत न्हाई. रोज सांगतो तुमाला."

रोज एवढ्यावर ती परत फिरायची. आज हलली नाही. तिच्या कडेवर चार वर्षांची नात होती, गीता. पोरीची आई बाळंतपणासाठी परभणीच्या दवाखान्यात, बापही तिकडेच. पोर खोकली की श्वास आत ओढताना बारीक शिट्टी वाजत होती.

"डॉक्टर म्हणले, दवात झोपवू नका, छाती भरलीया. आत घ्यावी तर डोक्यावर माळवद. सिताराम, असं कर, तू आज आमच्या बैठकीत झोप. तू झोपलास की म्या बी पोरीला घेऊन आत झोपते."

ज्या घराची पायरी चढायची त्याला आजवर सोय नव्हती, तिथे झोपायचं आमंत्रण आलं होतं. तेही छत डोक्यावर पडतं का ते बघायला. सितारामला हसू आलं आणि रागही आला.

"म्या न्हाई झोपत माळवदाखाली. पोरीलाच आमच्याकडं आणा. पत्रा हाय. पडला तर टेंगूळ यील, जीव जायचा न्हाई."

 धुरपताबाई पोरीला शालीत गुंडाळत निघून गेली.

त्याची बायको मालनबाई दारात उभी राहून ऐकत होती. "आवं, कोण येणार हाय आपल्या घरात झोपायला? आपली घरं जळायली व्हती तवा समद्यांनी दारं लावून घेतली व्हती. इसरलाव का?"

सिताराम विसरला नव्हता. अठ्ठ्याहत्तरला नामांतराच्या ठरावानंतर त्यांची वस्ती जळाली आणि नंतर सरकारी पत्रे आले, म्हणून तर आज त्यांच्या डोक्यावर जड काही नव्हतं.  मालनबाई पुटपुटत आत गेली आणि तिने एक जास्तीची गोधडी काढून ठेवली.

तेवढ्यात लाईट गेली. गाव वैतागलं, सिताराम मात्र खूश झाला. लाईट असली की सेलवरच्या त्या पेटीत नुसती विजेच्या तारांची गुणगुण भरलेली असते. ती गेली की खरं ऐकू येतं. त्याने पेटीला जोडलेल्या ऐकायच्या चकत्या कानांवर चढवल्या. नेहमीची तडतड सुरू होती, तव्यावर ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तशी. कुठल्या कुठल्या समुद्रावर विजा पडत असतील, असं मनात येऊन त्याला रोजच बरं वाटायचं.

मग त्या तडतडीच्या खालून दुसरा आवाज आला.

आधी त्याला वाटलं, कुणाच्या घरी जातं फिरतंय. मग लक्षात आलं, की घरातलं जातं या पेटीत कधीच ऐकू येत नाही. जड, सावकाश घरघर. थांबे, आणि पुन्हा फिरू लागे. लाईट नसल्याने विहिरींवरच्या मोटारी बंद होत्या. बोरीची शेवटची एसटी मघाच गेली होती. त्याने सळईवरून तार उपसली तेव्हा आवाज गेला. तार पुन्हा बसवली तर घरघर जिथल्या तिथे हजर होती. म्हणजे येत होती ती जमिनीतूनच.

मालनबाईने चकती कानाला लावली आणि झटकन काढली. "हे काय वं?"

"ठाऊक न्हाई."

इतक्या वर्षांत हे त्याने कधी ऐकलं नव्हतं. त्याला भीती वाटली. पायाखालची शेणाने सारवलेली जमीन रोजचीच होती, तरी पाय उचलून बाजेवर घ्यावेसे वाटले.

मागचं दार वाजलं. ज्वारीच्या पिकातून, कंदील न घेता धुरपताबाई आली होती. शालीत पोर होती.

"उजाडायच्या आत जाईन," ती उंबऱ्यातूनच म्हणाली. "पर कुणाला सांगायचं न्हाई. माज्या गळ्याची आण हाय तुला, सिताराम."

मालनबाईने गोधडी अंथरली. उबेने पोर लगेच झोपली. छातीतली शिट्टी हळूहळू मऊ झाली. धुरपताबाई भिंतीला न टेकता बसून राहिली, जणू टेकलं तर इथे आल्याचं पक्कं झालं असतं.

"पाटील कुठंयत?" सितारामने विचारलं.

"घरात. म्या न्हाई दिसले तर लोक इचारतील, कुठं गेली म्हणून. मग त्यांनी मैदानातल्या दोनी बाजा उचलून घरी नेल्या. म्हणले, कुणी इचारलं तर आत झोपली म्हणून सांगतो."

सिताराम तसाच मैदानाकडे धावला. त्याने चप्पलही घातली नाही.

मैदान रिकामं होत होतं. बाजा डोक्यावर घेऊन माणसं गल्ल्यांत शिरत होती. थंडीतून सुटका झाली म्हणून बाया हसत होत्या. म्हाताऱ्या लिंबाजीने त्याला बघून हात वर केला.

"बरं झालं बाबा, सुटलो एकदाचे. पाटलीणबाई आत झोपल्या, म्हंजी तुजं मशीन बोललं म्हण की."

"म्या तसं काय बोललो न्हाई. लिंबाजीदादा, आजच्या दिस बाहेर ऱ्हावा. जमिनीतून आवाज यायलाय."

"मग त्या कशा गेल्या आत?"

सितारामच्या तोंडाशी उत्तर आलं होतं. ते त्याने गिळलं. लिंबाजी हसला, बाज तिरपी करून दारातून आत नेली, कडी लावली. पुढच्या घरी तेच झालं, त्याच्या पुढच्याही. कुणी त्याला वेडा म्हणालं नाही, इतकंच.

घरी येऊन त्याने पेटीच्या चकत्या धुरपताबाईच्या कानांवर ठेवल्या. ती ऐकत राहिली. तिचा हात आपोआप पोरीच्या अंगावर गेला.

"ह्यो भूकंप हाय?"

"मला ठाऊक न्हाई. कदाचित काहीच नसंल. पर तुमी आत गेल्या म्हणून समदं गाव माळवदाखाली गेलंय, आक्का. पाटील बी."

"तू सांग की त्यास्नी."

"सांगितलं. ते म्हणतात, पाटलीणबाई आत हायत."

ती उठली. "म्या मैदानात जाऊन बसते. मला बघून येतील बाहेर."

"दारं लावलेल्या लोकांना कशा दिसताल?" मालनबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, दयाही नव्हती. "हाक मारावी लागंल. आन् आल्यावर इचारतील, आजारी पोरगी कुठं ठिवली?"

धुरपताबाईने पोरीकडे पाहिलं. पदर डोक्यावरून पुढे ओढला. चकत्यांमधून घरघर तशीच झिरपत होती. मालनबाईने कंदील पेटवून तिच्या हातात दिला.

ती पुढच्या दाराने गेली. गावातल्या गल्लीच्या मधोमध उभी राहिली आणि तिने हाक मारली.  

"बाहेर या समदे! जमीन वाजायलीया!"

लिंबाजीचं दार किलकिलं झालं. "पाटलीणबाई? तुमी तर आत..."

"म्या आत नव्हते." तिने कंदील वर धरला. "म्या सितारामच्या घरात व्हते. पोरगी तिथंच झोपलीया, मालनच्या गोधडीत. आत कुणी झोपू नका."

 मग एक कडी निघाली, तिच्या शेजारची निघाली. माणसं गोधड्या ओढत बाहेर येऊ लागली. तिच्याकडे कुणी सरळ पाहत नव्हतं. कुजबुज मात्र तिच्या पुढे पुढे धावत पाटलांच्या घरापर्यंत पोचली. तिथल्या खिडकीत दिवा दिसत होता.

धुरपताबाई त्या दारासमोर गेली.

"आवं, ऐकायलाव ना? बाहेर या."

आतला दिवा विझला. दार उघडलं नाही.

मागे मैदानात बाजा टेकल्याचे आवाज येत होते. पाटलिणीने कंदील खाली ठेवला आणि दोन्ही मुठींनी ती स्वतःचंच दार बडवू लागली.