बर्फाच्या कारखान्यामागची लाट

मी एक जुना सर्फबोर्ड आहे, मित्रांनो. लाटेवर उभं राहून किनाऱ्यापर्यंत घसरत यायचा जो खेळ असतो ना, त्यातली पायाखालची फळी म्हणजे मी. अंगानं नऊ फूट लांब, रंगानं पिवळा, आणि इतका रुंद की मला सगळे 'पलंग' म्हणतात. आधी या नावाचा मला फार राग यायचा. आता दुसऱ्या नावानं कुणी हाक मारली तर मी वळूनसुद्धा बघणार नाही. तसा मी वळतोही फार सावकाश.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. एका कारागीर बाईनं फोमचा मोठा ठोकळा तापलेल्या तारेनं कापला, कण्यासारख्या लाकडाच्या दोन पट्ट्या मधोमध बसवल्या, वर मऊ कातडी चिकटवली आणि शेपटीपाशी माशाला असतात तसे तीन पर लावले. मग तिनं माझ्या पाठीवर एक थाप मारली. "हा काही शर्यत जिंकायचा नाही," ती म्हणाली, "पण कुणाचं नाकही फोडायचा नाही." मी ते कौतुकच समजलो आणि बोटीत बसून या बेटावर आलो.

बेटावर मास्तरांचं सर्फिंग शिकवायचं दुकान आहे. दुकान म्हणजे एकच खोली. अर्ध्या खोलीत बोर्ड, अर्ध्या खोलीत वाळत घातलेले कपडे, आणि उरलेल्या जागेत मास्तरांचं पोट. माझ्या उमेदीच्या दिवसांत इथे माझ्यासाठी रांग लागायची. माझ्या पाठीवर जुळ्या बहिणी शिकल्या, एक न्यायाधीश शिकले, एक आजोबा तर चष्मा घालूनच शिकले आणि चष्मा समुद्राला देऊन आले. पहिल्यांदा उभं राहिल्यावर लोक बाहेर येऊन माझे मुके घेत. खाऱ्या तोंडानं घेतलेले ते मुके मला अजून आठवतात.

पुढे दुकानात नवे बोर्ड आले. सडपातळ, चकचकीत, टोकाला निमुळते. लोक त्यांच्याबरोबर फोटो काढू लागले आणि मी दुकानामागे गेलो. माझ्यावर टॉवेल वाळू लागले. एका मांजरीनं माझ्या आडोशाला तीन पिल्लं दिली. एका बाजूला माझी कातडी फाटली, तिथे मास्तरांनी चिकटपट्टी लावली आणि "बघू पुढे" म्हणाले. मला वाईट वाटलं. पण पिल्लं गोड होती, त्यामुळे दिवस अगदीच वाईट गेले असं म्हणवत नाही.

अशातच एका सकाळी दोन बायका दुकानात आल्या. एक वहिनी आणि एक तिची नणंद. दोघी पाच दिवसांच्या सुट्टीवर आल्या होत्या. वहिनीचा नवरा, म्हणजे नणंदबाईंचा दादा, त्याला बोट लागते म्हणून घरीच राहिला होता. नणंदबाई दातांच्या दवाखान्यात पेशंटच्या वेळा लावायचं काम करत. वहिनी शिवणाचे वर्ग घेई. तिचं वय अठ्ठावन्न, बांधा ठेंगणा, आणि डावा गुडघा जरा कुरकुरणारा.

नणंदबाईंनी आल्या आल्या फोन पुढे केला. "मी सगळं शोधून आणलंय. या बेटावरचे नवशिक्यांसाठी सर्वोत्तम दहा किनारे."

"बेटावर किनारे सहाच आहेत," मास्तर म्हणाले.

नणंदबाई क्षणभर थांबल्या, पण क्षणभरच. त्यांनी दुकानातला सर्वांत चकचकीत बोर्ड पसंत केला. मास्तरांनी वहिनीकडे नीट पाहिलं, मागे गेले, माझ्यावरचे टॉवेल काढले आणि मला पुढे घेऊन आले.

"अगं बाई, वहिनी, तुला पलंग दिला यांनी," नणंदबाई म्हणाल्या.

"बरंच झालं वन्सं. दमले तर झोपता येईल."

मी त्याच क्षणी त्या बाईचा झालो.

मित्रांनो, मास्तरांचा एक नियम आहे. पहिल्या दिवशी बोर्डाला हात लावायचा नाही. अर्धा तास वाळूत बसायचं, पाण्याकडे बघायचं आणि बोलायचं नाही. नंतर मास्तर विचारतात, तुम्ही कुठून आत जाल? आयुष्यभर लोकांना "बसा, बोलावते" असं सांगणाऱ्या नणंदबाईंना स्वतःला अर्धा तास बसवेना. वहिनी मात्र बसली. बसण्याआधी तिनं सगळ्यांच्या चपला गोळा करून एका ओळीत लावल्या. त्यात मास्तरांच्याही होत्या.

अर्ध्या तासानं नणंदबाईंनी लगेच बोट दाखवलं. डावीकडे लाटा फुटत होत्या, उजवीकडे फुटत होत्या, मध्ये मात्र पाण्याची एक गुळगुळीत, शांत पट्टी होती. "तिथून. तिथे किती शांत आहे."

सगळे तिथेच बोट दाखवतात. न्यायाधीशांनीही तिथेच दाखवलं होतं. लाटांबरोबर किनाऱ्यावर आलेलं पाणी परत जायला वाट शोधतं, आणि ती शांत पट्टी म्हणजे नेमकी तीच वाट. तिथे पाणी खोल असतं म्हणून लाट फुटत नाही, आणि माणूस उतरला की त्याला मुकाट्यानं आत घेऊन जातं. दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं.

मास्तर काटकी फेकून हे दाखवणार, तोच वहिनी म्हणाली, "तिथून नको. तिथे ओढ आहे."

मास्तरांचा हात तसाच राहिला. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही. आम्ही कधीही समुद्रावर गेलो की चपला, पिशव्या, घड्याळं, सगळं माझ्याकडे असायचं. मुलं माझ्यासमोर पाण्यात उतरायची आणि निघायची पार तिकडे. मग ते सगळं बोचकं उचलून मला तिकडे जायला लागायचं. पुढे पुढे मी आधीच बघून ठेवायला लागले, पाणी माणसाला कुठून कुठे नेतं ते. अशी शांत पट्टी दिसली की मी पोरांना तिथे उतरूच द्यायची नाही."

"मला हे कळायला सात वर्षं लागली," मास्तर म्हणाले.

"मला तीस लागली असतील. पण मी बसूनच होते."

मास्तरांनी विचारलं, बाई, तुम्हाला शिकायचंय काय नेमकं? वहिनी थोडी लाजली. "मला एकदा पाण्यावर उभं राहायचंय. एकदाच. आमच्या घरात सगळ्यांचे ओले फोटो आहेत, माझा एकही नाही." नणंदबाई हसल्या आणि मग एकदम फोनमध्ये बघू लागल्या, कारण त्या फोटोंतल्या निम्म्या फोटोंत त्याच होत्या.

शिकवणी सुरू झाली दुकानासमोरच्या किनाऱ्यावर. दुसऱ्याच दिवशी नणंदबाई बोर्डावर उभ्या राहिल्या, आणि त्यानंतर त्यांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. वहिनी माझ्यावर पालथी झोपायला शिकली, हातानं पाणी मारायला शिकली, गुडघ्यावर यायला शिकली. पण उभं राहणं काही जमेना. हात टेकून पाय पुढे आणायला तिला तीन श्वास लागत, आणि ती लाट दोन श्वासांत संपे. मला हे तिच्या तळव्यांवरून समजत होतं, पण मला बोलता येत नाही ना. ती पडे, नाकातलं पाणी शिंकरे आणि पुन्हा माझ्यावर येऊन झोपे. मोजून सांगतो, पाण्यातल्या तीन दिवसांत ती सत्तेचाळीस वेळा पडली.

"वहिनी, पाण्यात पडलं की पोहता येतंच," नणंदबाई धीर देत.

"मी पडतेय तर पुष्कळ, वन्सं."

चौथ्या दुपारी ती बाहेर आली आणि माझ्या पाठीवरची वाळू हातानं झाडत बसली. दुसऱ्या दिवशी एक वाजता त्यांची परतीची बोट होती. "जाऊ दे," ती म्हणाली. "मला किनाऱ्यावर बसायची सवय आहे."

अगदी साधेपणानं म्हणाली ती. मला मात्र भडभडून आलं. मास्तरही बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं वाळू उकरत राहिले.

"चूक माझी आहे," शेवटी ते म्हणाले. "दुकान इथे आहे म्हणून मी सगळ्यांना इथेच शिकवतो. पोराटोरांना ही लाट चालते, तुम्हाला ती पुरत नाही. उद्याचा किनारा तुम्ही निवडा, बाई. तुमची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे."

मग आम्ही बेटभर फिरलो. मी जीपच्या टपावर दोरीनं बांधलेलो, खाली तिघं. नणंदबाईंच्या यादीतला पहिला किनारा फार देखणा होता, फोटोंत असतो तो हाच. वहिनी दहा मिनिटं बसली. लाट मागे गेली की खालचे खडक दात दाखवत होते. "इथे चपला ठेवायलासुद्धा नको," ती म्हणाली आणि उठली. दुसरा किनारा हॉटेलांचा, पांढऱ्या वाळूचा, रंगीत छत्र्यांचा. तिथली लाट काठाशी येऊन उंच व्हायची आणि धाडकन आदळायची. "ही चिडकी आहे," वहिनी म्हणाली. "हिच्याशी आपलं जमणार नाही." तिसऱ्यावर वारा इतका की नणंदबाईंची टोपी उडाली ती उडालीच.

परतताना जीप दुकानामागच्या दोन गल्ल्या ओलांडून बर्फाच्या कारखान्याजवळ आली आणि वहिनी म्हणाली, "थांबा जरा."

कारखान्यामागे एक किनारा होता. राखाडी वाळू, गंजलेला पाइप, तुटक्या खोक्यांचा ढीग. यादीत त्याचं नाव नव्हतं. मास्तरांनी तर त्याच्याकडे कधी किनारा म्हणून पाहिलंच नव्हतं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

"वहिनी, इथे कुत्रंही फिरकत नाही," नणंदबाई म्हणाल्या.

"मुलं खेळतायत की."

खरंच, कारखान्यातल्या कामगारांची पाच-सहा मुलं कमरेएवढ्या पाण्यात डुंबत होती. त्यांच्या आया काठाशी गप्पा मारत होत्या. वहिनी बसली. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. नणंदबाईंनी तीनदा घड्याळ बघितलं.

"त्या बायका बघा," शेवटी वहिनी म्हणाली. "इतका वेळ झाला, एकीनंही जागा बदललेली नाही. मुलं जिथे उतरली तिथेच निघतायत. आणि लाट मी मोजली. लांबून येते, सावकाश येते, वाळूपर्यंत येते. आदळत नाही. मला आठ श्वास मिळतील."

मास्तरांनी पाणी पाहिलं, तळाची वाळू पायानं चाचपून आले, मुलांच्या आयांना ओहोटीची वेळ विचारली. "सकाळी सात वाजता," ते म्हणाले. एवढंच म्हणाले, पण जीपकडे जाताना त्यांनी माझ्या फाटक्या बाजूवर नवी चिकटपट्टी लावली.

शेवटची सकाळ उजाडली. दोघींच्या बॅगा जीपमध्ये, बोट एकला. पाणी मास्तरांच्या कमरेला लागत होतं. पहिल्या लाटेला वहिनी घाईनं उठली आणि पडली. दुसरीला पाय माझ्या काठावर पडला आणि मीच उलटलो. आयुष्यात मला माझा इतका राग कधी आला नव्हता. मास्तर तिसऱ्या लाटेला मला ढकलणार, तेवढ्यात वहिनी म्हणाली, "ढकलू नका. कोणती घ्यायची ते मी सांगते."

ती माझ्यावर पालथी पडून मागे बघत राहिली. एक लाट गेली. दुसरी गेली. तिसरी चांगली दिसत होती, तीही तिनं सोडली.

"अगं वहिनी, घे ना एखादी," काठावरून नणंदबाई ओरडल्या. "बोट चुकेल."

"चुकू दे."

पाच लाटा गेल्या. सहावी लांबवर नुसती एक रेघ होती. "ही," वहिनी म्हणाली आणि हात मारायला लागली. मास्तरांनी हात लावला नाही. पाणी माझ्या शेपटीखाली आलं, मला अलगद वर उचललं, आणि मी निघालो. एक श्वास. तिचे तळवे माझ्या खांद्यांवर टेकले. दोन. उजवा पाय आला. तीन. डावा गुडघा कुरकुरला, थांबला, आणि पाऊल बरोबर माझ्या कण्यावर पडलं. मित्रांनो, मी श्वास धरला. म्हणजे मला श्वास नाही, पण जे काही असतं ते धरलं. जन्मभर लोक ज्या रुंदपणाला हसले तो सगळाच्या सगळा मी तिच्या पायांखाली अंथरला.

आणि वहिनी उभी राहिली.

चार. पाच. सहा. ती ओरडली नाही, हसलीही नाही. दोन्ही हात पसरून, तोंड अर्धवट उघडं टाकून ती नुसती समोर बघत होती. कारखान्याची मुलं पाण्यातून धावत आमच्या बरोबरीनं येत होती. नणंदबाई काठावर रडत होत्या आणि स्वतःलाच "अगं काय हे, अगं काय हे" म्हणत होत्या. लाटेनं आम्हाला जितकं आणायचं तितकं आणलं आणि ती सपाट झाली. माझे तिन्ही पर वाळूत रुतले. मी थांबलो.

वहिनी मात्र उतरली नाही. घोटाभर पाण्यात, न हलणाऱ्या माझ्या पाठीवर, हात तसेच पसरून ती उभीच राहिली.

नणंदबाई जवळ आल्या. "वहिनी, उतर आता. जमीन आली."

"कळतंय मला," वहिनी म्हणाली. "राहू दे जरा."

नणंदबाई मग तिथेच उभ्या राहिल्या. मास्तर पाण्यातून चालत येत होते, तेही वाटेतच थांबले. पाण्याचे लहान लहान पदर येऊन मला हलवू बघत होते, पण मी जागचा हललो नाही.

मित्रांनो, आम्हा बोर्डांचं मागणं फार नसतं. काम झालं की गोड्या पाण्यानं धुवा, उन्हात टाकू नका, फाटलं तर वेळेवर चिकटवा. समुद्रावर गेलात तर आधी अर्धा तास बसा आणि शांत दिसणाऱ्या पाण्यावर लगेच भाळू नका. आणि कुणी फार वर्षांनी पहिल्यांदा उभं राहिलं असेल, तर जमीन आली म्हणून त्याला लगेच उतरायला सांगू नका.