मागच्या चाकांवरचं वजन

दसऱ्याला घेतलेल्या जीपच्या सीटवरचं प्लास्टिक निहारने अजून काढलं नव्हतं. चारकोपच्या सोसायटीत ती उभी करण्यावरून सेक्रेटरींशी त्याचं दोनदा वाजून झालं होतं. पण अशी गाडी काय सोसायटीत उभी करायला घेतात, असं त्याचं म्हणणं. 'चाकोरीबाहेर' नावाच्या त्याच्या ग्रुपवर रोज कुणीतरी चिखलात, ओढ्यात, वाळूत गाडी घातल्याचे व्हिडिओ टाकायचं आणि निहार ते जेवताना ताटाशेजारी फोन उभा करून बघायचा.

त्या रविवारी सकाळी गंधालीच्या फोनवर हवामानाचा इशारा आला. अरबी समुद्रात चक्रीवादळ होतं, किनाऱ्यापासून बरंच लांब.

"मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये," तिने वाचून दाखवलं.

"आपण काय मच्छीमार आहोत?" निहार म्हणाला. "आणि वादळ चाललंय ओमानला. आपण चाललोय गोराईच्या पुढे. बाहेर ऊन बघ, झकास पडलंय."

ऊन पडलं होतं खरं. गंधाली बोरीवलीला ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. वादळ आलं नाही तरी त्याच्या लाटा येतात, हे तिने नवऱ्याला सांगितलं.

"मॅडम, आज सुट्टी आहे ना?" म्हणत त्याने किल्ली उचलली.

खरी घाई तिच्या सासऱ्यांना, जयवंतना होती. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी आयुष्यभर रिक्षा चालवली. मुलाने चार चाकांची गाडी घेतली आणि अजून गाऱ्हाणं घातलं नाही, ही बोच त्यांना झोपू देत नव्हती. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उभं राहून मोठ्याने मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला होकार द्यायचा. गावी जाणं दिवाळीनंतर. तोवर समुद्रापुढे घालू, असं त्यांनीच ठरवलं.

"पाणी एकच, हयसून थेट देवगडापर्यंत," ते म्हणाले. "गाडीचा तोंड मात्र दर्याकडे व्हया."

सासूबाई मालन मागच्या सीटवर बसल्या. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन फार दिवस झाले नव्हते. मांडीवर पिशवी, पिशवीत नारळ, विडा, अगरबत्ती. भाईंदरला वळसा घालून, उत्तनवरून ते खाली उतरले. सुरूच्या बनाच्या तोंडाशी वाळूत वाहनं नेऊ नयेत असा फलक होता. निहारने बनाच्या दुसऱ्या अंगाने वाट काढली. टायरमधली हवा त्याने व्हिडिओत सांगतात तशी कमी केली होती आणि गाडी वाळूवरून अशी अलगद निघाली की जयवंत पोरासारखे टाळ्या वाजवायला लागले.

पुळणीवर चिटपाखरू नव्हतं. ओली वाळू सिमेंटसारखी घट्ट होती. निहारने पाण्याच्या रेषेजवळ, दर्याकडे तोंड करून गाडी उभी केली. आईला उकडेल म्हणून एसीसाठी इंजिन चालूच ठेवलं. मालन उतरल्या नाहीत, दार उघडं टाकून जागेवरच हात जोडून बसल्या.

जयवंतनी नारळ फोडला आणि आवाज लावला. "बा दर्यादेवा म्हाराजा! आज ह्या लेकरान नवी गाडी घेतल्यान हा!"

"व्हय म्हाराजा!" आतून मालन म्हणाल्या.

"तेच्या चाकाक रस्तो दी, इंजिनाक बळ दी! जो कोण वाकड्या नजरेन बघीत, तेची नजर थयच मोडून टाक!"

"व्हय म्हाराजा!"

"सेक्रेटरीचं नावच घ्या ना, बाबा," निहार कुजबुजला. गंधालीला हसू आवरेना.

मग चुलते झाले, चुलत्यांची मुलं झाली, सोयरेधायरे झाले. जयवंतना कुणालाच वगळता येत नव्हतं. चाकांभोवतीची वाळू ओलसर चमकायला लागली होती. इंजिनाच्या थरथरीने ती हळूहळू सैल होत होती. तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं, गंधालीचंही नव्हतं.

लाट आली ती बाकीच्यांपेक्षा फार उंचही नव्हती. फक्त ती थांबली नाही. गंधालीच्या पोटऱ्या ओलांडून, गाडीच्या खालून ती मागे सुरूच्या दिशेने निघून गेली आणि परतताना चाकांखालची वाळू घेऊन गेली. गाडी खाली बसली, माणूस दमून पाटावर बसतो तशी.

"आयला!" निहार हसतच आत शिरला. "आता बघा मजा." त्याने आईच्या बाजूचं दार लावून घेतलं आणि रिव्हर्स टाकला. मागची चाकं गरगरली, वाळूचा फवारा उडाला आणि गाडी आणखी खाली गेली.

तो फावडं घेऊन उतरला तेव्हा हसू गेलं होतं.

"मी आईंना उतरवते," गंधाली म्हणाली.

"नको, नको! आई, तू उतरू नकोस हां. मागच्या चाकांवर वजन हवं. बाबा, तुम्ही पुढून ढकला. गंधाली, तूही."

"अरे, सैल वाळूत वजनाने चाक आणखी रुतेल."

"वर्गात शिकव ते! वजन असलं की पकड मिळते, सगळे असंच काढतात."

ती आणि जयवंत पाण्यात पाय रोवून बॉनेटला टेकले. निहार स्टिअरिंगवर. पाठीवर लाट आपटायची, पाणी ओसरायचं, चाकं ओरडायची. एकदा गाडी खरंच वीतभर मागे सरकली आणि तिघेही ओरडले. पुढच्या लाटेने ती होती तिथे आणून टाकली, आणि मालनच्या बाजूला कलंडवली. जयवंत पाण्यात पडले. त्यांना उठवताना गंधालीची नजर मागच्या दाराच्या काचेवर गेली. आत, काचेच्या खालच्या कडेशी, पाणी हलत होतं.

ती धावली. दार वाळूने अडलं असेल, कुलूप पडलं असेल, म्हणूनच सासूबाई उतरल्या नाहीत, असं तिला वाटलं होतं. काच कशाने फोडायची तेही तिने धावता धावता ठरवलं. तिने हँडल ओढलं आणि दार सहज उघडलं. पाणी तिच्या मांड्यांवर कोसळलं.

मालन कमरेपर्यंत पाण्यात बसल्या होत्या. नारळाची पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. चेहरा पांढरा, पण ओठ घट्ट मिटलेले.

"सुटली काय गो गाडी?" त्यांनी विचारलं.

"आई, हाक का नाही मारलीत? उतरा!"

"तो बस म्हणालो. मगे बसलंय."

गंधालीने त्यांना काखेत हात घालून ओढलं. ऑपरेशनचा गुडघा वाकला तशी मालन किंचाळल्या. पलीकडून निहारचा आवाज आला, चिडलेला, अधीर.

"अगं, आता कशाला काढतेस तिला? आत्ता पकडत होतं चाक!"

ती क्षणभर थबकली. आपण भलतंच ऐकलं, असं तिला वाटलं. त्याच्याकडे बघितलं तर तो स्टिअरिंगवर वाकून पुन्हा गिअर टाकत होता. मग जयवंत आले आणि दोघांनी मालनना उचलून, ओढून, फरपटत कोरड्या वाळूवर आणलं.

मागे वळेपर्यंत पुढची लाट आली. निहार दारातून बाहेर फेकला गेला, धडपडत उभा राहिला. गाडी आडवी फिरली आणि सावकाश, अगदी सावकाश, कुशीवर झाली. मालन बसल्या होत्या ती बाजू खाली गेली. त्या खिडकीवरून पाणी वाहत राहिलं. इंजिन बंद पडलं तेव्हा समुद्राचा आवाज किती मोठा होता ते कळलं.

जयवंत मटकन खाली बसले आणि बायकोच्या साडीचा ओला पदर मुठीत धरून राहिले. निहार चालत वर आला. दात वाजत होते. तो आईच्या पायाशी उभा राहिला, पण बघत होता गाडीकडे.

मालननी सुनेचा हात ओढला. त्यांना खालच्या आवाजात विचारायचं होतं, पण थंडीने आवाज ताब्यात नव्हता, सगळ्यांना ऐकू गेला.

"मी उतरलंय म्हणान गेली काय गो?"

गंधाली 'नाही' म्हणणार होती. तोंड उघडलंही होतं. मग तिने ते मिटलं आणि निहारकडे बघितलं. हे उत्तर त्याचं होतं. जयवंतही त्याच्याकडेच बघत होते.

निहारने गाडीकडे बघितलं, खिडकीवरून वाहणाऱ्या पाण्याकडे, मग आईच्या कमरेकडे, जिथवर साडी काळी भिजली होती. त्याला ती उंची बहुधा आत्ताच दिसली. तो वाळूत खाली बसला आणि आईच्या पायाला चिकटलेली ओली वाळू पुसायला लागला.

"सांग ना तिला," गंधाली म्हणाली.

तो पुसत राहिला. मालन वाट बघत होत्या.