शिट्टीनंतरचे चाळीस सेकंद

समरने एका क्लिकमध्ये ‘मेंटल’चा शिक्का मारला आणि कस्तुरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“तू बघितलंस तरी का?”

“अनिशने बघितलं ना.” समरने स्क्रीनवरून मान वळवली नाही. “नऊ प्ले, नऊ चुका. तुझी कॉलम रिकामी आहे. रिकाम्या कॉलमचं मी काय करू? लोणची घालू?”

लोणची काय, लोणचं म्हणतात, असं एरवी तिने हसत सांगितलं असतं. समर लेस्टरला जन्मलेला. मराठी तो आईशी फोनवर बोलण्यापुरती आणि कस्तुरीला चिडवण्यापुरती जपून होता. पण आज तिला हसू येणार नव्हतं.

नॉटिंगहॅमच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात तेरा माणसं दिवसभर अमेरिकेतला फुटबॉल बघायची. लाथा मारायचा नव्हे, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचा. तिकडच्या क्लबांनी ड्राफ्टमध्ये कॉलेजची नवी पोरं निवडली की त्यांचा पहिला तीन दिवसांचा कॅम्प व्हायचा. सरावाचा व्हिडिओ तिकडे रात्र झाली की इकडे यायचा, आणि तिकडचे कोच दात घासेपर्यंत इकडून प्रत्येक पोराचा अहवाल तयार. मधल्या पाच तासांच्या फरकावरच कंपनीचं पोट होतं. पद्धत कडक होती. एका पोराला दोघांनी बघायचं, एकमेकांशी न बोलता. चेंडू हलल्यापासून शिट्टी वाजेपर्यंतचे पाच-सहा सेकंद म्हणजे एक प्ले. त्याला अधिक किंवा उणे. उणे असेल तर कारण द्यायचं: पाय, हात, नाहीतर मेंटल. मेंटल म्हणजे पोराला खेळ पाठ नाही, सांगितलेलं डोक्यात शिरत नाही. पाय सुधारता येतात, हात सुधारता येतात. मेंटलवाल्याला तिसऱ्या दिवशी बॅग भरायला लावतात. दोघांचं जुळलं नाही तर शेवटचा शब्द समरचा.

आज जुळलं नव्हतं ते सेहेचाळीस नंबरवर. रोशॉन टॉलिव्हर, बावीस वर्षांचा, ड्राफ्टच्या अगदी शेवटच्या फेरीत निवडलेला. सेफ्टी खेळायचा. सगळ्यांच्या मागे उभं राहून राखण करायची, पुढच्यांच्या हातून कोणी निसटलाच तर त्याला धरायचं.

“पहिले एकतीस प्ले काढ,” कस्तुरी म्हणाली. “एकतीसपैकी सत्तावीसला अनिशनेही अधिक दिलंय. बत्तीसपासून पुढे सगळं उणे. माणूस एका मिनिटात मठ्ठ होतो?”

“दमला असेल.”

“दमलेला माणूस उशिरा पोचतो. हा चुकीच्या जागी उभा राहतोय. आणि तोंड बघ त्याचं. एकतीसपर्यंत हा पोरगा एक क्षण गप्प नव्हता. ह्याला डावीकडे सरकव, त्याला हाक मार, हात वर कर. बत्तीसपासून तोंडातून शब्द नाही. स्वतःचे हात बघत उभा आहे.”

हे कुणीही बघायला हवं होतं. पण अनिशने बघितलं नाही, कारण अनिशला पाय बघायला शिकवलं होतं आणि तो पायच बघत होता. कस्तुरीची गोष्ट निराळी. दोन वर्षांच्या लेकीमुळे, सारामुळे, तिची नजर एका गोष्टीला सरावली होती: बडबडणारं पोर अचानक गप्प झालं की उठून बघायचं. खोलीत आवाज असेल तर घाबरायचं कारण नाही. शांतता झाली की मात्र काहीतरी झालेलं असतं.

म्हणून साडेदहाला तिने मूळ व्हिडिओ उघडला होता. अहवालाला जोडायच्या तुकड्यांत शिट्टीपुढचं काही नसे. सकाळी आठ वाजता दिवसाचं पहिलं काम तेच: लांबलचक व्हिडिओ घ्यायचा आणि शिट्टीशी छाटत जायचं. कोचला वेळ नसतो, नुसतं इकडेतिकडे चालणं दाखवायचं नाही, ही कंपनीची शिस्त. नागपूरला क्रिकेट अकॅडमीत बॉलरांचे व्हिडिओ कापत होती तेव्हापासून कस्तुरीचा हात या कामात इतका बसला होता की ती डोळे मिटूनही शिट्टीवर कापू शकली असती.

तसंच कापलं होतं. एकतिसाव्या प्लेची शिट्टी वाजते, सगळे थांबतात, तिचा तुकडा संपतो. मूळ व्हिडिओ मात्र पुढे चालू होता. मागून जोरात धावत येणारा विरुद्ध बाजूचा, लाल शर्टातला एक धिप्पाड पोरगा वेळेवर थांबू शकला नाही. त्याचा गुडघा रोशॉनच्या हेल्मेटवर. रोशॉन उताणा पडला, डोक्याची मागची बाजू आधी टेकली. चार सेकंद तसाच. मग उठला, झाडलं-झटकलं, आणि चालत चालत थेट लाल शर्टवाल्यांच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला. गुडघ्यांवर हात ठेवून, त्यांच्यातलाच असल्यासारखा. लाल पोरं हसली. एकाने त्याला खांद्याला धरून वळवलं आणि आपल्या माणसांकडे ढकललं. पाठ थोपटून.

चाळीस सेकंद. तिनेच कापलेले, आज सकाळी, नर्सरीवर चरफडत. काल साराचं कपाळ खेळण्यांच्या शेल्फला लागलं होतं, त्याचा फॉर्म आज दारातच सही करायला पुढे केला होता.

“मी रिमार्क लिहिलाय,” ती आता म्हणाली. “एकतीसच्या खाली. डोक्याला मार, त्यानंतर गोंधळलेला, डॉक्टरला दाखवा.”

“हो, वाचली. डिलीट केली.”

ती त्याच्या टेबलाच्या आणखी जवळ सरकली.

“कस्तुरी, बस. प्लीज.” समरचा आवाज खाली आला. तो वाईट माणूस नव्हता, हेच तर जास्त चीड आणणारं होतं. “कॉन्ट्रॅक्टमध्ये आहे. नो मेडिकल ओपिनियन. मागच्या वर्षी एकाने गुडघ्यावर दोन ओळी लिहिल्या, क्लायंट गेला. आपण डॉक्टर नाही. आपण जे प्लेमध्ये दिसते ते लिहितो.”

“दिसत नाही कारण मी कापलंय!”

“मग झालं तर. तुझं काम बरोबर केलंस.”

“माझ्या मुलीच्या कपाळाला शेल्फ लागलं, समर. टेंगूळसुद्धा नव्हतं. तरी नर्सरीने दोन तासांत मला फोन केला. फॉर्मवर दोन बायकांच्या सह्या, किती वाजता लागलं, किती वेळ रडली, नंतर काय खाल्लं, झोपली का, झोपेतून किती वेळा उठवून पाहिलं. मी त्यांच्यावर ओरडले, एवढ्याशासाठी कामावर फोन करता म्हणून. आणि हा पोरगा दगडासारखा पडलाय, आपली टीम कुठली ते त्याला कळत नाहीये, आणि आपण त्याच्या नावापुढे लिहितोय की ह्याला अक्कल नाही!”

पलीकडच्या टेबलावरून अनिशने हेडफोन काढला. डोंबिवलीचा अनिश, वातावरण तापलं की विनोद करायची त्याला खोड होती. “काय गं, दत्तक घेतलास का त्याला?”

“तू गप्प बस. नऊ वेळा मेंटल लिहिताना एकदाही वाटलं नाही, की अरे, हा मघाशी बरा होता?”

“मला काय माहीत, मला तुकडेच दिसतात. तूच पाठवतेस.” मग त्याच्या लक्षात आलं आपण काय बोललो. “सॉरी. म्हणजे तसं नाही.”

“तसंच आहे,” कस्तुरी म्हणाली.

आणि तसंच होतं. तो राग तिला समरवर ढकलता येईना, अनिशवर ढकलता येईना. छाटणारे हात तिचे. आज दहा वाजता तिकडे हा पोरगा पुन्हा मैदानात उतरणार, पुन्हा कोणाचा तरी गुडघा, कोणाचा तरी खांदा. आणि कोणी विचारलंच, तर अहवालात स्वच्छ लिहिलेलं असणार: सांगितलेलं डोक्यात शिरत नाही.

घड्याळात अकरा चाळीस. बाराच्या ठोक्याला अहवाल आपोआप क्लबकडे जात. तिकडे तेव्हा सकाळचे सात.

“रिमार्क परत टाक,” ती म्हणाली.

“नाही.”

“मग मेंटल काढ.”

“मग काय लिहू? रिकामी? क्लायंट विचारेल.” समर उठला. “हे बघ, तुझी प्रोबेशन आहे, मला तुझं वाईट करायचं नाहीये. डोंट मेक मी राइट धिस अप. वर तक्रार लिहायला लावू नकोस.”

प्रोबेशनचे अजून दोन महिने होते. व्हिसा तिच्या नोकरीवर होता; नवरा यतीन तिच्या मागे डिपेंडंट म्हणून आलेला, सारा त्याच्या मागे. तिने सही केलेल्या कराराचं पानन् पान तिला पाठ होतं, काळजीखोर माणसाला असतं तसं. कोणत्याही खेळाडूच्या प्रकृतीविषयी मत व्यक्त करू नये. क्लबशी थेट संपर्क साधू नये. व्हिडिओच्या तुकड्याच्या लांबीविषयी मात्र करारात चकार शब्द नव्हता. ती शिस्त नुसती सांगण्यातली होती.

ती जागेवर जाऊन बसली.  एकतिसावा प्ले उघडला. शेवटची खूण शिट्टीवरून उचलली आणि ओढत ओढत पुढे नेली. गुडघा, जमीन, चार सेकंद, लाल शर्ट, हसणं, खांद्यावरचा हात. तिथे सोडली. एक अक्षर लिहिलं नाही. सेव्ह केलं तेव्हा अकरा बावन्न झाले होते.

आठ मिनिटं तिने चहाचा कप दोन्ही हातांत धरून काढली. समरला सांगावं का, असं दोनदा वाटलं. नाही सांगितलं.

बारा चाळीसला समरच्या टेबलावरचा फोन वाजला. त्याने नंबर बघितला, उभा राहिला आणि फोन स्पीकरवर टाकला. क्लबचे कॉल सगळ्यांनी ऐकायचे, हीही तिथली रीत.

“क्रॅन्डल बोलतोय.” क्लबमध्ये पोरं ठेवायची की काढायची हे ठरवणारा माणूस. आवाज झोपेतून पुरता उठला नव्हता, पण चिडला पुरता होता. “सेहेचाळीस, प्ले एकतीस. ही क्लिप पाऊण मिनिटाची का आहे?”

समरचा चेहरा उतरला. त्याने क्लिप उघडली. त्याच्या स्क्रीनवर रोशॉन पडला, उठला, लाल शर्टांत गेला. समरने ते आत्ता पहिल्यांदा बघितलं.  मग त्याने फोनचं म्यूट दाबलं.

“तू केलंस?”

“हो.”

“ओके. ओके, ऐक.” तो घाईघाईने बोलत होता. “चुकून झालं म्हण. एडिटिंग एरर. मग ते ही क्लिप परत करतात, आपण बरोबर पाठवतो, आणि कुणाला काही होत नाही. तुलाही नाही.”

“आणि त्याला?”

“कस्तुरी, ती रेकॉर्डवर राहिली ना, तर नियमाने त्यांना त्याला आता काढता येणार नाही. बरा होईपर्यंत पगार देऊन ठेवायला लागेल. ते का भडकलेत, कळतंय ना तुला? फक्त एक शब्द बोल. मिस्टेक. बस.”

“हॅलो?” फोनमधून आवाज आला. “कुणी आहे का तिथे?”

कस्तुरी त्याच्या टेबलाशी आली आणि हात लांब करून तिने म्यूट काढलं. समरने तिचं मनगट धरलं नाही, हे ती नंतरही त्याच्या बाजूने मोजणार होती.

“मी कस्तुरी. व्हिडिओ मी कापते,” ती इंग्रजीत म्हणाली. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. “क्लिप चुकून लांब नाहीये. सकाळी मी ती चुकून लहान कापली होती. आत्ता आहे ती बरोबर आहे.”

 पलीकडे कपात चमचा हलल्याचा आवाज आला.

“तुम्ही डॉक्टर आहात?”

“नाही. मी काही लिहिलेलंही नाही. तुमच्याच कॅमेऱ्यात आहे ते.”

 मग क्रॅन्डल म्हणाला, हळू, जणू तिच्याशी नव्हेच, “काल संध्याकाळच्या मीटिंगमध्ये त्याने दिवे बंद करता का विचारलं. डोळ्यांना लागतात म्हणाला. आमच्या कोचने त्याला सगळ्यांसमोर झापलं.” त्याने घसा साफ केला आणि आवाज परत होता तसा झाला. “आज तो उतरणार नाही. डॉक्टरकडे पाठवतोय. आणि समर, तुझे लोक काय पाठवायचं हे न विचारता ठरवायला लागलेत, त्याबद्दल मी तुझ्या वरच्यांना पत्र लिहितोय. आजच.”

फोन बंद झाला.

 समर खाली बसला आणि त्याने दोन्ही तळहातांनी चेहरा चोळला.

“सोमवारी एचआर,” तो शेवटी म्हणाला. “मी वाचवू शकणार नाही. कदाचित. आय डोंट नो. तू घरी जा आता.”

“सोमवारी येईन.” ती हलली नाही. रोशॉन सुटला होता, निदान आजच्यापुरता. तिला बरं वाटायला हवं होतं. उलट राग आणखी पसरत चालला होता, अवघडलेला पाय सोडल्यावर मुंग्या पसरतात तसा. “सकाळी मी एकट्या सेहेचाळीसला कापलं नाही, समर. सव्वीस पोरं कापली. सगळी शिट्टीवर.”

“बारा वाजून गेले. रिपोर्ट गेली.”

“रिपोर्ट गेला असेल. पोरं अजून मैदानात उतरायची आहेत. दोन तास आहेत.”

 समरने तिला अडवलं नाही. तिने खुर्ची ओढली आणि मूळ व्हिडिओ पहिल्यापासून लावला. स्क्रीनवर कुठल्या तरी अमेरिकन गावाचं सकाळचं ऊन, रांगेत उभी हेल्मेटं.

अनिश आपला लॅपटॉप उचलून तिच्या शेजारी येऊन बसला. यावेळी त्याने विनोद केला नाही.

“मी चौदाव्या पोरापासून घेतो,” तो म्हणाला. “काय बघायचं, ते सांग.”

“पाय बघू नकोस,” कस्तुरी म्हणाली. “शिट्टी वाजली की बघायला लाग.”