आधी आजोळ, मग आकडे

मरोळच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर दत्ताराम परबाची सगळी पुंजी बँकेत गेली, आणि ती बँक लेकीच्या कृपेने त्याच्या मोबाइलमध्ये आली. तेव्हापासून तो घाटकोपरभर खिशावर हात ठेवून हिंडायचा. पुंजीच्या वजनाने त्याचा सदरा डावीकडे चार इंच लांबला, हे मी स्वतः मोजलंय.

एका सकाळी फोन वाजला.

"काका, बँकेतून विशाल बोलतोय. तुमचं खातं बंद पडतंय. मेसेजमध्ये सहा आकडे आलेत ना? पटकन सांगा."

दत्तारामाने घाईघाईने मेसेज उघडला. आकडे समोर होते, सांगायचेही होते. पण कोण कुठला ते न विचारता एकदम कामाचं बोलायची आमच्या मालवणात पद्धत नाही.

"सांगतंय रे. तू खंयचो?"

"काका, मी बँकेतून…"

"ता कळला. गाव खंयचा?"

"कुडाळ! काका, वेळ कमी आहे!"

"मगे लवकर सांग. आवशीचा माहेर खंयचा?"

कुडाळात कुठली वाडी, देवळाच्या अलीकडे की पलीकडे, यंदा जत्रेला होतास का... दत्ताराम अगदी सरळ मनाने विचारत गेला. पाच मिनिटांत ते आकडे निकामी झाले. दुसरे आले, तेही गेले. तिसऱ्या खेपेला विशाल रडकुंडीला आला. "काका, मी कुडाळचा नाही हो!" म्हणाला आणि फोन आपटला. तोवर त्याच्या बायकोची, जानकीवहिनींची डाळ शिजून, आटून, परत शिजली होती.

दत्ताराम मला घेऊन तडक शाखेत. "तुमच्या विशालाक रीत शिकवा जरा! आजोळ विचारला तर फोन ठेवता!"

मॅनेजर अनुपमा खुर्चीतून उठलीच. "काका, आमच्याकडे विशाल नाही. आणि बँक ते आकडे कधीच विचारत नाही. तुम्ही दिलेत का?"

"कशे देतलंय? माणूस कोणाचो ताच कळाक नाय!"

तिने सुटकेचा श्वास सोडला आणि पासवर्ड बदलायला घेतला. "आधी तुमची ओळख पटवते. आईचं माहेरचं आडनाव?"

दत्ताराम खुलला. "तुझ्या आवशीचा सांग आधी."

"नाही सांगणार, काका. ते गुपित असतं."

"ही खरी बँकेची," दत्ताराम मला म्हणाला. मग वाकून त्याने तिच्या कानात आडनाव सांगितलं. पाठोपाठ पाचही मामांची नावं, आणि परसातल्या विहिरीची खोली. त्या दिवशी शाखेला जेवायची सुट्टी मिळाली नाही.