नळाबद्दलचे अकरा इंच

मित्रांनो, माझ्या अंगावर बारा इंच कोरलेले आहेत. त्यातले पहिले दोन आता बोटांनी झिजून दिसेनासे झालेत. मी गिरगावातल्या एका वाचनालयाची जुनी शिसवी पट्टी. लवू सुताराने मला तासलं आणि तेव्हापासून कारकून गणपतराव यांच्या मेजावर मी राहिले. वहीत रेघा ओढणं, एवढंच माझं काम होतं.

१८९५ साली म्युनिसिपालटीची निवडणूक आली. शेजारच्या वाडीत एकच विहीर, तिचं पाणी चैत्रापासून गढूळ. लोकांना नळ हवा होता. दोन पक्ष उभे होते आणि दोघांचे जाहीरनामे चार-चार पानांचे. वाडीतले मतदार गणपतरावांकडे आले; सगळे त्यांना मास्तरच म्हणत. "मास्तर, यातला आमच्या बाजूचा कोण?"

गणपतराव भिडस्त. आपण कुणाची बाजू घेतली असं दिसायला त्यांना नको होतं. "माझं मत सांगत नाही," ते म्हणाले, "पट्टी सांगेल ते सांगतो."

त्यांनी मला छापील मजकुरावर ठेवलं. जिथे पाण्याचा विषय दिसला तिथे मोजलं. एका पक्षाचे दोन इंच भरले, दुसऱ्याचे अकरा. वाडीने अकरा इंचांना मतं दिली. लोकांनी मला हातात घेऊन पाहिलं, कौतुक केलं. मलाही ते गोड वाटलं, खोटं कशाला सांगू?

निवडून आलेले गृहस्थ पहिल्याच बैठकीत नळाविरुद्ध बोलले. गणपतरावांनी जाहीरनामा पुन्हा काढला. 'पाण्याचा प्रश्न निकडीचा आहे' अशी सुरुवात होती, आणि पुढे दहा इंच जड भाषेत एवढंच, की नळाने भिंती ओलावतील, विहिरीच बऱ्या.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच गढूळ पाण्यातून वाडीत पटकीची साथ शिरली. मालवणाकडच्या गंगुबाईंची सून शांती तिसऱ्या दिवशी गेली. दोन इंचांचा पक्ष आला असता तरी नळ वेळेवर लागला असता का, मला ठाऊक नाही.

तेराव्यानंतर गंगुबाई वाचनालयाच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. "मास्तर, मोजलात खरा. पण वाचलात काय?"

गणपतरावांची मान खाली गेली. "नाही वाचलं, गंगुबाई. चूक पट्टीची नाही, माझी आहे."

त्या निघून गेल्या. मधे प्लेगने वाडी निम्मी रिकामी केली. गणपतरावांचे केस पिकले.

पुढच्या निवडणुकीला ते जाहीरनामे घेऊन स्वतः वाडीत गेले. मी त्यांच्या बगलेतच होते, पण त्यांनी मला बाहेर काढलं नाही. ते एकेक वाक्य वाचत आणि उंबऱ्यात बसलेल्या गंगुबाई अडवत, "थांबा. ह्यो नळ देतलो म्हणता, काय नाय देतलो?" मग समासात 'हो', 'नाही' किंवा 'बोलत नाही' अशी खूण पडे. संध्याकाळपर्यंत गणपतरावांचा घसा बसला.

वाडीने नळाला 'हो' म्हणणाऱ्याला मतं दिली. वर्षभराने नळ आला. गंगुबाईंनी हंडा भरला आणि शेजारी उभ्या असलेल्या गणपतरावांकडे न बघता घरात नेला. ते वाचनालयात परतले.

मित्रांनो, आता मी खणात पडून असते, थकले आहे. मजकूर किती लांब आहे ते विचारलंत तर सांगेन. लिहिणारा काय देणार आणि काय नाकारणार, हे मात्र मला विचारू नका. ते तुम्ही सबंध वाचा, आणि ज्याला पाणी भरायचं आहे त्याला शेजारी बसवून वाचा.