गुरुजींच्या मुठीतलं घड्याळ

बंगळुरूच्या राजाजीनगरातल्या एका लग्नाच्या हॉलमध्ये त्या रविवारी सकाळी शेकडो माणसं उजवी मूठ वर करून बसली होती, आणि प्रत्येक मुठीत एकेक बंद पडलेलं घड्याळ होतं.

"हलवा!" स्टेजवरून कालसिद्ध गुरुजी ओरडले. अंगावर पांढरंशुभ्र रेशीम, गालाशी वाकलेला माइक, आणि बोटात सुपारीएवढ्या काळ्या खड्याची अंगठी. "काळ झोपलाय, त्याला हलवून जागं करा! मूठ घट्ट! तुमची ऊब म्हणजे तुमचं प्रेम! आता माझ्याबरोबर म्हणा, ॐ कालाय टिक् टिक् नमः!"

मंत्र त्यांचाच. मी त्यात एका अक्षराचीही भर घातलेली नाही.

"टिक् टिक् नमः!" हॉल दणाणला. मुठी हलू लागल्या. आणि मग डावीकडून कुणीतरी किंचाळलं, "माझं सुरू झालं!" मागून दुसरा आवाज आला, "माझंही! सासऱ्यांचं घड्याळ आहे हो, ते गेल्यापासून बंद होतं!" बायका डोळे पुसू लागल्या. माझ्या शेजारची आश्लेषा नावाची मुलगी घड्याळ कानाशी धरून म्हणाली, "ओ माय गॉड, मला व्हायब्रेशन जाणवतंय!"

"जाणवणारच," मी म्हटलं. "टिकटिक आहे ती."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी प्रसादात माशी टाकली.

मी सुखदा. मूळची नागपूरची. एचएसआर लेआउटमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेते. फावल्या वेळात जुनी किल्लीची घड्याळं विकत घेते, उघडते, साफ करते, तेल घालते आणि पुन्हा बंद करते. त्यातली काही नंतर चालतातही. त्यामुळे गुरुजींची एक अट ऐकूनच माझे कान टवकारले होते: बॅटरीचं घड्याळ आणू नये, कारण "त्यात परक्याचा प्राण असतो." बॅटरी संपलेलं घड्याळ कितीही कुरवाळलं तरी चालत नाही, हे गुरुजींना पक्कं माहीत होतं तर!

मी तिथे हौसेने गेले नव्हते. दामोदरकाकांसाठी गेले होते. काका माझ्या बाबांचे चुलतभाऊ. चाळीसेक वर्षांपूर्वी सरकारी संशोधन संस्थेत नोकरीला म्हणून बंगळुरूला आले आणि इथलेच झाले. आयुष्यभर रडारची गणितं केली. आता त्यांच्या हृदयाची एक झडप खराब झाली होती. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली होती आणि उशीर करू नका असं बजावलं होतं. काका घाबरले होते, पण ते कबूल करायच्याऐवजी गुरुजींच्या सत्संगाला जाऊ लागले होते.

"आज कुणाच्या मनात काळाबद्दल भीती आहे?" गुरुजींनी विचारलं. काकांचा हात वर गेला. त्यांना स्टेजवर नेण्यात आलं. दोन पायऱ्या चढून त्यांना धाप लागली, ती माइकवर सगळ्या हॉलने ऐकली.

"कुठे होतात नोकरीला?"

"संशोधनात. रडार."

"वा! बाहेरचं शोधत होतात. आता आतलं शोधा." टाळ्या. गुरुजींनी काकांच्या मनगटावरचं घड्याळ काढून घेतलं. ते चालू होतं. काकांनी पहिल्या पगारातून घेतलेलं, रोज सकाळी न चुकता किल्ली दिलेलं. गुरुजींनी ते अंगठीच्या हाताने गोंजारलं आणि डोळे मिटले. "अरेरे. काळ घाईत आहे, दामोदरजी. बघा, आता हे घड्याळ पळेल. ते पळतंय तोवर अंगाला शस्त्र लावू देऊ नका. आधी काळशांती करा. दक्षिणा यथाशक्ती."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हेमलताकाकूंचा फोन आला.

"सुखदा, घड्याळ खरंच पळतंय गं. सकाळी लावलं, आत्ता बघते तर अर्ध्या तासाच्या वर पुढे. ह्यांनी हॉस्पिटलला कळवून ऑपरेशन रद्द केलंय."

मी हत्यारांची पेटी उचलली आणि रिक्षा पकडली.

काका खुर्चीत बसले होते. चेहरा राखेसारखा. घड्याळ समोर टेबलावर, आणि ते त्याच्याकडे असे बघत होते, जणू त्यात त्यांचं उरलेलं आयुष्य ओतून ठेवलंय.

"काका, मी उघडून बघते."

"नको. गुरुजींनी उघडायचं नाही म्हटलंय."

"का?"

"का म्हणजे? स्वल्प, थोडी तरी, श्रद्धा ठेव की."

तेव्हा काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. चाळीस वर्षांत त्यांनी काकांवर कधी आवाज चढवला नाही असं घरचे सांगतात. त्या दिवशी मी तो चढलेला ऐकला.

"अहो, तुमची रडारं बिघडली की तुम्ही ती न उघडता दुरुस्त करत होतात? समोर उदबत्ती लावत होतात?" त्यांनी घड्याळ उचलून माझ्या हातात दिलं. "उघड तू. काय पाप लागायचं ते मला लागू दे."

मी मागचं झाकण फिरवून काढलं, दिवा जवळ ओढला आणि भिंग काकांच्या डोळ्याला लावलं. कितीही रागावलेला इंजिनियर असो, भिंगातून आत न बघण्याचा निग्रह त्याच्यात नसतो.

ते खुर्ची पुढे ओढून आणखी वाकले.

"एवढं बारीक?" मग ते पुटपुटले.

आतलं जग तसंच असतं. गुंडाळलेली जाड स्प्रिंग उलगडायला बघते, आणि ती एका दमात उलगडली तर घड्याळ क्षणात संपेल. म्हणून तिचा जोर दातेरी चाकांच्या रांगेतून हळूहळू सोडायचा. शेवटच्या चाकाला एक चिमुकला लंगर दर दाताला अडवतो आणि सोडतो, अडवतो आणि सोडतो. आपण जिला घड्याळाची चाल समजतो ती टिकटिक म्हणजे खरं तर ते अडवणं: दात येऊन लंगराच्या टोकाच्या लाल खड्यावर आपटतो, त्याचा आवाज. आणि कधी सोडायचं हे ठरवतं एक झोके घेणारं चाक, सेकंदाला चार-पाच वेळा इकडून तिकडे. त्या चाकाला केसाहून बारीक स्प्रिंगची वेटोळी जोडलेली असते. ती नीट असेल तर ती फुलते आणि मिटते, फुलते आणि मिटते. मी तासन् तास ते बघत बसू शकते. माझी आई म्हणते, लग्न न होण्याचं कारण हेच.

"काका, त्या बारीक स्प्रिंगकडे बघा. वेटोळी सुटी दिसतायत?"

"नाही. दोन-तीन एकमेकांना चिकटलीयत." मग त्यांचा आवाजच बदलला. "चिकटली म्हणजे स्प्रिंग आखूड झाली. आखूड झाली म्हणजे ताठ. म्हणजे झोका लवकर. झोका लवकर म्हणजे…" त्यांनी भिंग खाली ठेवलं. "घड्याळ पुढे पळणार. हेमा, माझ्या खणात होकायंत्र आहे बघ, डेहराडूनला घेतलेलं."

काकूंनी ते आणलं. काकांनी घड्याळ त्याच्याजवळ सरकवलं. सुई जागची हलली. घड्याळ लांब नेलं, सुई परत उत्तरेकडे.

"चुंबक," काका म्हणाले. "त्या भामट्याच्या अंगठीत चुंबक आहे. आणि मी पोलादी स्प्रिंग त्याच्या हातात दिली. मी! चाळीस वर्षं चुंबकीय क्षेत्रं मोजणारा माणूस!"

माझ्या पेटीत चुंबकत्व घालवायचं काडेपेटीएवढं यंत्र असतं. बटण दाबलं, घड्याळ त्यावर धरून हळूच लांब नेलं. पुन्हा भिंग. वेटोळी सुटी झाली होती, ऐटीत फुलत-मिटत होती. काका बराच वेळ बघत राहिले.

"येत्या रविवारी मी जाणार," ते म्हणाले.

"आधी हॉस्पिटलला फोन," काकू म्हणाल्या, आणि नंबर लावून फोन त्यांच्या कानाशीच धरला. नवी तारीख मिळाली, त्या रविवारनंतरची.

रविवारी हॉल पुन्हा तुडुंब. गुरुजी "काळ" या शब्दाची फोड करत होते: "'का' म्हणजे प्रश्न! 'ळ' म्हणजे… 'ळ'ला अर्थच नाही! म्हणून काळ अर्थाच्या पलीकडे!" लोक माना डोलावत होते. मग अनुभवकथन आलं. गुरुजींचा मदतनीस अवधूत माइक घेऊन फिरत होता. काकांनी तो मागितला आणि मला धरून स्टेजवर चढले.

स्टेजवर एक टेबल होतं. त्यावर कॅमेरा रोखलेला, जागी झालेली घड्याळं मोठ्या पडद्यावर दाखवायला. काकांनी कॅमेऱ्याखाली होकायंत्र ठेवलं.

"गुरुजी, यावर हात ठेवून आशीर्वाद द्या."

गुरुजींना माघार घेता येईना. हात पुढे आला. पडद्यावर खाटेएवढी दिसणारी सुई गर्रकन वळली आणि अंगठीकडे तोंड करून थांबली. हात डावीकडे, सुई डावीकडे. हात मागे, सुई परत उत्तरेला.

"ही दैवी ऊर्जा," गुरुजी म्हणाले.

"असेल. मग अंगठी काढून टेबलावर ठेवा. ऊर्जा तुमच्यात आहे की अंगठीत, ते बघू."

"ही अंगठी हिमालयातून आणलेली आहे. काढायची नसते."

खालून काकू चालत आल्या. त्यांनी पदराची सेफ्टीपिन काढली, अंगठीजवळ नेली आणि सोडून दिली. पिन खाली पडली नाही. पडद्यावर सगळ्यांनी पाहिलं: हिमालयाला एक सेफ्टीपिन लटकली होती.

आधी कुणीतरी एकच हसलं. मग हॉल फुटला. अवधूतने धावत जाऊन माइक बंद केला, पण माझा आवाज नागपूरचा आहे, त्याला माइक लागत नाही.

"मागच्या रविवारी सुरू झालेली घड्याळं आज किती जणांची चालू आहेत? हात वर करा!"

तीन-चार हात वर आले. बाकीचे एकमेकांकडे बघू लागले. प्रत्येकाचं घड्याळ एक-दोन दिवसांत पुन्हा बंद पडलं होतं, आणि प्रत्येकाला वाटलं होतं, आपलीच श्रद्धा कमी पडली. लाजेने कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. साऱ्या चमत्कारातला खरा चिवट धागा होता तो. चुंबक त्यापुढे काहीच नाही.

"आता पुन्हा मूठ आवळा," मी म्हटलं. "हलवा. पण मंत्र नको, सतराचा पाढा म्हणा!"

पुढच्या रांगेतले देवाप्पा, बँकेतून निवृत्त झालेले, मिश्कीलपणे उठले आणि मोठ्याने म्हणू लागले, "सतरा एके सतरा! सतरा दुणे चौतीस!" लोक त्यांना सामील झाले. सतरा चोकला पोचेपर्यंत देवाप्पांनी घड्याळ कानाला लावलं. "अक्का! चालू झालं! हे तर पाढ्यालाही पावतं की!"

"कुणालाही पावेल," मी म्हटलं. "आत किल्लीचा थोडा जोर शिल्लक असतो, पण तेल वाळून घट्ट झालेलं असतं. हाताची ऊब लागली की तेल सैल होतं, हलवलं की चाकाला धक्का मिळतो. थंड झालं की पुन्हा बंद. त्याला साफ करून तेल घालणारा माणूस हवा, गुरू नको."

मी परत वळून पाहिलं तेव्हा गुरुजींची खुर्ची रिकामी होती. ते काळाच्या पलीकडे, बहुधा मागच्या दाराने, गेले होते. सगळेच सुधारले असं मी म्हणणार नाही. काही जण त्या रिकाम्या खुर्चीलाच नमस्कार करून गेले. आश्लेषा मात्र जाताना थांबली. "मी आजोबांचं घड्याळ आणलंय," ती म्हणाली. "उघडून दाखवशील?"

पुढच्या आठवड्यात काकांचं ऑपरेशन झालं. आदल्या संध्याकाळी सर्जन तपासायला आल्या, तेव्हा काकांनी त्यांना सोडलंच नाही. नवी झडप कशी उघडते, कशी मिटते, रक्त उलटं का येत नाही? बाईंनी शेवटी त्यांच्या वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर चित्र काढून दाखवलं. काकांनी त्यात एक शंका काढली, बाईंनी ती खोडून काढली, आणि काका समाधानाने उशीवर टेकले.

"भीती वाटतेय का?" बाईंनी विचारलं.

"वाटतेय," काका म्हणाले. "पण आता काय होणार ते कळलंय. सरी, ठीक आहे, करा."

एवढंच सांगायचं आहे. भीती सगळ्यांनाच वाटते, आणि भ्यालेल्या माणसाच्या शोधात कुणी ना कुणी रेशीम नेसून फिरतच असतो. त्याला एकच विचारा: हे कसं होतं? ज्याला येतं तो चित्र काढून दाखवतो. जो 'विचारू नका' म्हणतो, त्याच्या हातात आपलं काहीच देऊ नका.